लेथब्रिज: कडा येईपर्यंत काही दिसत नाही

कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात जाणारा मराठी माणूस बॅन्फला जातो, लेक लुईसच्या पाण्यासमोर फोटो काढतो, कॅल्गरीत कुणाकडे तरी उतरून पोहे-उपमा खातो आणि परत येतो. आम्हीही तेच केलं असतं. पण आमच्या मुलीची नोकरी लेथब्रिजला, कॅल्गरीच्या दक्षिणेला साधारण दोनशे दहा किलोमीटरवर. वस्ती लाखाच्या आसपास, चहूबाजूंनी शेती आणि गवत, पश्चिमेला क्षितिजावर रॉकीज पर्वत. कॅल्गरीतल्या ओळखीच्यांना म्हटलं, यंदाचा उन्हाळा लेथब्रिजला काढणार, तर ज्याने त्याने एकच सांगितलं, "वारा फार आहे हो तिथे." त्यापलीकडे कुणाला काही माहिती नव्हती.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला सांगलीकडचा माणूस. नव्या गावात गेलो की देऊळ-बाजार नंतर, आधी नदी कुठे ते बघतो. नकाशात ओल्डमन नदी या गावाच्या बरोबर मधून जाते. मुलीचं घर पश्चिम भागात, विद्यापीठाच्या अंगाला. सकाळी फिरायला बाहेर पडलो तर सगळं सपाट. घरं, हिरवळ, रस्ता, पुन्हा घरं. नदीकाठच्या गावाला एक उतार असतो. पाणी कुठल्या बाजूला पळणार ते चालताना पायाला कळतं. इथे पायाला काही कळेना. आणि घरांची शेवटची रांग संपली तशी जमीनच संपली. समोर नव्वदेक मीटर खोल दरी, तळाला कॉटनवूडची गर्द झाडी, तिच्यातून वळणं घेत निघालेली नदी. तव्यावरची भाकरी मधेच तडकावी तसं हे माळरान तडकलेलं आहे. हिमयुग संपताना वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने ही दरी कापली, आणि दोन्ही बाजूंच्या उघड्या-बोडक्या घळी तिच्यात उतरतात. इथे त्यांना कूली म्हणतात.

या मुलखाची ही खोडच आहे. बघण्यासारखं जे काही आहे ते कड्याशी येईपर्यंत दिसत नाही. पुढे जिथे जिथे गेलो तिथे हाच अनुभव.

दरीवर रेल्वेचा पूल आहे. लांबी १,६२४ मीटर, नदीच्या पात्रापासून उंची ९६ मीटर. पोलादी मनोऱ्यांवर उभारलेला इतका लांब आणि इतका उंच पूल जगात दुसरा नाही, असं इथले लोक सांगतात आणि ते खरं आहे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने तो १९०७ ते १९०९ या काळात बांधला. त्याआधीची लाइन दरीत उतरून, एकामागून एक लाकडी पूल ओलांडत, वळणं घेत पलीकडे चढायची. चढ जास्त, वळणं जास्त, लाकडाची देखभाल तर विचारू नका. मग कुणीतरी हिशेब मांडला की एकदाच पैसे ओतून सरळ वरून जावं. मी पुलाच्या खाली उभा राहून मनोरे मोजायला सुरुवात केली तेव्हा सौ. बाकावर जाऊन बसली. तिला माहीत आहे, आता अर्धा तास गेला. वरून मालगाडी आली. डबे संपता संपेनात, पण आवाज मात्र इतक्या उंचीवरून खाली येईतो विरून जातो. प्रवासी गाडी या गावाला कित्येक वर्षांत आलेली नाही. पुलावरून जातो तो माल.

पुलाखालच्या नदीकाठाला मोठं उद्यान आहे. उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर झुडपं आणि ओल, दक्षिणेकडच्या उतारांवर चक्क निवडुंग. हिवाळ्यात उणे तीस अंश बघणाऱ्या देशात फड्या निवडुंग पाहून मला हसू आलं. पायवाटेवर पाटी होती: रॅटलस्नेकपासून सावध. हा साप खरोखरच या दरीत राहतो आणि कुणाच्या अंगणात निघाला तर नगरपालिकेच्या वतीने पकडून नेणारा माणूस आहे. सर्पमित्र इथेही आहेत, हे ऐकून सौ.ला जरा घरच्यासारखं वाटलं. पायवाटेने मात्र ती पुन्हा आली नाही.

गावाचा जन्म कोळशावर झाला. दरीच्या भिंतीत कोळशाचे थर उघडेच होते. १८७४ च्या सुमारास पहिली खाण चालू झाली, तेव्हा या वस्तीला कोलबँक्स म्हणायचे. पुढे सर अलेक्झांडर गाल्ट यांनी लंडनमध्ये भांडवल उभं करून कंपनी काढली आणि १८८५ मध्ये तिच्या अध्यक्षांचं आडनाव गावाला दिलं. ते विल्यम लेथब्रिज. गाल्ट यांच्या नावाचं संग्रहालय दरीच्या काठावर आहे, जरूर बघावं. तिथल्या मोठ्या काचेतून अख्खी दरी दिसते.

कोळशाच्याही आधी इथे दारूचा धंदा होता. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या मोंटानातून आलेल्या हीली आणि हॅमिल्टन नावाच्या दोघांनी सेंट मेरी आणि ओल्डमन नद्यांच्या संगमाजवळ लाकडी गढी बांधली. बायसनची, म्हणजे इथल्या रानगव्याची, कातडी घ्यायची, बदल्यात भेसळ केलेली व्हिस्की द्यायची. फोर्ट व्हूप-अप हे तिचं नाव पडलं. ज्यांच्याशी हा व्यापार चालायचा ते इथले आदिवासी ब्लॅकफूट लोक त्याच सुमारास देवीच्या साथीने खंगले होते. ते खंगले आहेत असा अंदाज बांधून क्री या दुसऱ्या जमातीच्या लोकांनी १८७० मध्ये याच दरीत त्यांच्यावर हल्ला केला आणि अंदाज चुकला. क्रींचीच माणसं फार पडली. ही व्यापारी अनागोंदी मोडायला कॅनडा सरकारने पोलिसांचं घोडदळ पाठवलं. ते १८७४ मध्ये इतका लांबचा पल्ला तुडवत येऊन पोचलं तोवर दारू गायब झाली होती. सरकारी छाप्याची ही पद्धत दीडशे वर्षांपूर्वी आणि इतक्या लांबही होती, याची मी नोंद घेतली. आता उद्यानात त्या गढीची प्रतिकृती आहे.

वाऱ्याबद्दल बोलायलाच हवं. रॉकीजच्या खिंडींतून उतरणारा पश्चिमेचा वारा इथे बारमाही. झाडं पूर्वेकडे झुकून वाढलेली, रिकामे ट्रक उलटू नयेत म्हणून हायवेवर इशारे. हिवाळ्यात हाच वारा डोंगर उतरताना दाबला जाऊन गरम होतो, त्याला चिनूक म्हणतात. जावई सांगत होते, रात्री अंगणात गुडघाभर बर्फ असतं, सकाळी पश्चिमेला ढगांची कमान दिसते, तिच्याखाली निळ्या आभाळाची पट्टी, आणि दुपारपर्यंत पन्हाळीतून पाणी वाहायला लागतं. काही तासांत वीस अंशांचा फरक. लोकांना डोकेदुखी होते म्हणे. पश्चिमेला पिंचर क्रीकच्या बाजूला पवनचक्क्यांची रांगच लागते. कॅनडातली पहिली व्यापारी पवनचक्की वसाहत त्याच भागात १९९३ मध्ये उभी राहिली. ढालगावच्या पठारावरून गेलेल्या माणसाला ते दृश्य नवं नाही, पण आपल्याकडे पावसाळ्याचे महिने सरले की पाती मंदावतात, इथे त्यांना सुटी नाही.

आता माझा विषय. गावाबाहेर पूर्वेला टेबरच्या रस्त्याला लागलं की कालवे दिसायला लागतात. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून चारशे मिलिमीटरच्या आत, म्हणजे आमच्या आटपाडी-जतपेक्षाही कमी. तरी शेतं हिरवीगार. कॅनडातली बहुतेक सिंचनाखालची जमीन याच दक्षिण आल्बर्टात आहे. सेंट मेरी नदीचं पाणी आणणारा पहिला मोठा कालवा १८९८ ते १९०० मध्ये खणला गेला. खणणारे होते अमेरिकेतल्या युटामधून आलेले मॉर्मन पंथाचे शेतकरी. त्यांना युटात पाट काढायचा अनुभव होता, आणि मजुरीचा काही भाग त्यांना जमिनीच्या रूपाने मिळाला. घोडे आणि खोरी एवढंच सामान. मी एका पुलावर थांबून पाण्याचा वेग पाहिला, काठावर गवत किती, गळती कुठे आहे का ते पाहिलं. दार उचलून पाणी चोरल्याची खूण कुठेच नाही. शेतात पाटपाणी नाहीच मुळी. मधोमध खांब आणि त्याभोवती चाकांवर फिरणारी चारशे मीटरची तोटी, त्यामुळे शेत गोल. कोपरे कोरडे राहतात. आपल्याकडे कोपरा कोरडा ठेवायची कुणाची हिंमत आहे? भावकी उभी राहील.

आणि पीक काय, तर साखरेचं बीट! रेमंड नावाच्या गावात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पहिला कारखाना निघाला, तो बंद पडला. १९५० पासून टेबरचा कारखाना चालू आहे. बिटापासून साखर काढणारा कॅनडात आज तेवढा एकच. गळीत हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, तेव्हा मोकळ्या जागेत बिटांचे डोंगर घालून ठेवतात आणि थंडीत ते गोठून टिकतात. आपला ऊस तोडल्यावर दिवस मोजावे लागतात, साखर उतरते. इथे निसर्गानेच शीतगृह दिलंय. आम्ही गेलो तेव्हा गाळप नव्हतं, पण कुंपणाबाहेर उभा राहून मी बॉयलर आणि चिमणी न्याहाळून आलो. सौ. म्हणाली, "अहो, सातासमुद्रापार येऊन कारखानाच बघायचा होता, तर वसंतदादांच्या कारखान्यावर रिक्षाने गेलो असतो." टेबरची खरी कीर्ती मात्र मक्याची. ऑगस्टात रस्त्याकडेला ट्रक लावून कणसं विकतात. दिवसा ऊन, रात्री गारवा, त्याने दाण्यात साखर धरते. आम्ही ती गॅसवर भाजून तिखट-मीठ-लिंबू लावून खाल्ली. शेजाऱ्यांना दिली. ते लोणी लावून उकडलेलं खातात, पण लिंबाचं पटलं त्यांना.

पाण्याचा हा हिशेब सगळ्यांना गोड लागला असं नाही. पिंचर क्रीकजवळच्या ओल्डमन धरणाचं काम चालू असताना, १९९० मध्ये, ब्लॅकफूटांपैकी पीकानी लोकांतल्या एका गटाने यंत्र लावून नदीचा प्रवाह कालव्याच्या बंधाऱ्याला वळसा घालून काढायला सुरुवात केली. नदी आमच्या श्रद्धेची, आमच्या जमिनीतली, आम्हाला विचारलं कुणी? पोलीस आले, अटक झाली. शेतकरी-पर्यावरणवाद्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९२ मध्ये निकाल लागला की केंद्र सरकारने पर्यावरणाचा अभ्यास करायलाच हवा होता. तोवर धरण उभं राहिलं होतं. धरणग्रस्तांच्या बैठकीत टेबलाच्या सरकारी बाजूला मी बरीच वर्षं बसलो आहे. तो निकाल वाचून मी घरात कुणाशी फार बोललो नाही.

बिटाच्या शेतांचा आणखी एक धागा गावातल्या सर्वात सुंदर जागेशी जाऊन मिळतो. हेंडरसन तळ्याच्या काठावर निक्का युको नावाची जपानी बाग आहे. गवताळ प्रदेशातल्या या आडबाजूच्या गावात जपानी बाग का? १९४२ मध्ये, जपानशी युद्ध पेटल्यावर, कॅनडाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे बावीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवलं. त्यातले बरेचसे जन्माने कॅनेडियन. त्यांच्या होड्या, दुकानं, घरं सरकारने विकून टाकली. बिटाच्या खुरपणीला माणसं मिळत नव्हती, म्हणून कुटुंबं एकत्र राहायची असतील तर इकडे या, असं सांगून कित्येकांना या शेतांवर आणलं. कोंबड्यांच्या खुराड्यांत आणि धान्याच्या कोठारांत त्यांनी हिवाळे काढले. युद्ध संपल्यावरही किनाऱ्याला परतायची परवानगी १९४९ पर्यंत नव्हती, तोवर अनेकांनी इथेच मुळं धरली. कॅनडाच्या शताब्दीच्या वर्षी, १९६७ मध्ये, गावाने आणि या लोकांनी मिळून ही बाग केली. आराखडा ओसाकाच्या प्राध्यापक तादाशी कुबो यांचा. मधला लाकडी मंडप क्योटोत बनवला, सुटा करून जहाजाने आणला आणि इथे जोडला. बागेत फुलं जवळजवळ नाहीत. दगड, पाणी, छाटलेली झाडं, विंचरलेली वाळू, आणि पलीकडे माळरानासारखे उंचवटे. तिथे वाटाड्या म्हणून काम करणाऱ्या वयस्कर बाईंनी आम्हाला मैत्रीची घंटा वाजवायला सांगितली. मोठा लाकडी ओंडका दोरीने मागे ओढून सोडायचा. सौ.ने वाजवली. नाद बराच वेळ रेंगाळतो.

शनिवारी हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंपला गेलो. फोर्ट मॅक्लाउडच्या वायव्येला अठरा किलोमीटर. १९८१ पासून हे युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ. लांबून बघाल तर काही नाही: गवताळ टेकड्या आणि एका बाजूला वाळूखडकाचा दहा-अकरा मीटरचा कडा. एवढ्याशा कड्यासाठी युनेस्को? आत गेल्यावर कळतं. संग्रहालयाची सात मजली इमारत त्या कड्यातच दडवलेली आहे, बाहेरून जेमतेम दिसते. आधी सर्वात वर जायचं आणि मजल्यामजल्याने उतरत यायचं.

सुमारे सहा हजार वर्षं माणसांनी या कड्यावरून बायसनचे कळप पाडले. घोडा नाही, लोखंड नाही. कड्याच्या मागे कित्येक किलोमीटर पसरलेलं कुरण, तिथून कड्याकडे येणाऱ्या वाटांच्या दोन्ही बाजूंना दगडांच्या छोट्या राशी. राशींत फांद्या खोचायच्या, म्हणजे कळपाला दोन्हीकडे काहीतरी हलताना दिसतं आणि तो मधेच राहतो. पुढे एक पोरगा बायसनच्या वासराचं कातडं पांघरून हंबरत चालायचा. माद्या वासराच्या ओढीने मागे. मागून लांडग्याच्या कातड्यातले लोक हळूहळू दाब वाढवायचे. शेवटी आरडाओरडा करून कळप उधळायचा. बायसनची नजर तशी मंद, आणि कुरणाचा उतार असा की कडा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पुढच्याला दिसला तरी मागचे ढकलत असतात. मी वरच्या वाटेवर उभा राहून डोळ्यांनी लेव्हल धरली. खरंच, तीस पावलांवरूनही जमीन अखंडच वाटते. खाली हाडांचा थर दहा-अकरा मीटर खोल आहे. तिथे मांस वाळवून, कुटून, चरबी आणि रानफळं घालून पेमिकन करायचे, ते हिवाळाभर पुरायचं.

माहिती सांगणारा तरुण ब्लॅकफूट होता. त्याने आधी स्वतःच्या भाषेत नमस्कार केला, मग शांतपणे म्हणाला की १८८० पर्यंत बायसन जवळजवळ संपले, आणि ते आम्ही संपवले नाहीत. कातड्यांसाठी बंदुकीने मारले गेले. फोर्ट व्हूप-अपला जी कातडी जात होती ती हीच. त्याच्या घरचे लोक नदीपलीकडच्या कैनाई राखीव क्षेत्रात राहतात. क्षेत्रफळाने ते कॅनडातलं सर्वात मोठं.

वॉटरटनला मात्र सगळ्यांनीच जावं. दीड तास नैऋत्येला. बॅन्फ बघून आलेला माणूस म्हणेल, डोंगर ते डोंगर. तसं नाही. बॅन्फला जाताना आधी टेकड्या लागतात, मग मोठ्या टेकड्या, मग डोंगर. इथे गव्हाचं शेत संपतं आणि डोंगर उभा राहतो, मधे काही नाही. याचं कारण मोठं गमतीचं आहे. इथे जुना खडक नव्या खडकावर चढलेला आहे. जमिनीच्या पोटातल्या दाबाने सुमारे दीडशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकाचा जाडजूड थर पश्चिमेकडून पूर्वेकडे रेटला गेला आणि सात-आठ कोटी वर्षांच्या मऊ खडकावर येऊन बसला. खालचा मऊ भाग झिजत गेला, वरचा टणक कडा उभाच राहिला; म्हणून पायथ्याच्या टेकड्या नाहीत. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, तोच आपल्याला पुराणपुरुष वाटतो. कॅमेरॉन धबधब्याचं पाणी ज्या खडकावरून पडतं तो त्याच्याहून वीसपटीने जुना. मी हात लावून आलो.

वॉटरटन १८९५ मध्ये राखीव झालं. सीमेपलीकडे मोंटानातलं ग्लेशियर नॅशनल पार्क. दोन्हींचं मिळून १९३२ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान केलं, पुढाकार दोन्हीकडच्या रोटरी क्लबांचा. तळ्यातून लाँच जाते. मधे एका जागी दोन्ही काठांच्या झाडीत सरळ उभी पट्टी तासलेली दिसते, डोंगरमाथ्यापर्यंत. तीच कॅनडा-अमेरिकेची सीमा. कुंपण नाही, चौकी नाही. लाँचवरच्या पोराने सांगितलं की ही पट्टी ठरावीक वर्षांनी पुन्हा साफ करावी लागते. झाडांना सीमा कळत नाही.

तळ्याच्या टोकाला टेकाडावर प्रिन्स ऑफ वेल्स हॉटेल आहे. अमेरिकेतल्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १९२७ मध्ये उघडलं. काम चालू असताना हिवाळी वादळाने त्याचा सांगाडा जागेवरून काही इंच सरकवला होता, आणि आजही जोराचा वारा आला की इमारत करकरते. तिथे चहा घेतला. चहाची किंमत सांगत नाही, सौ. हे वाचते.

डोंगरांच्या अंगावर मात्र जळके खांब उभे आहेत. २०१७ च्या सप्टेंबरात केनाओ नावाचा वणवा ब्रिटिश कोलंबियातून खिंड ओलांडून आला आणि एका रात्रीत उद्यानाचा जवळजवळ ३८ टक्के भाग जाळून गेला. माहिती केंद्र जळालं. हॉटेल आणि गाव अग्निशमनवाल्यांनी वाचवलं. आता काळ्या खोडांखाली फायरवीडचा जांभळा गालिचा आणि कंबरेएवढे पाइनचे पोर. झाडी गेल्यामुळे अस्वलं लांबून दिसतात, हा एक फायदा. आम्हाला एक काळं अस्वल दिसलं, उतारावर बेरी ओरबाडत होतं. जावयांनी गाडी थांबवली नाही आणि ते बरंच केलं. गावात हरणं कुणाच्याही हिरवळीवर बसलेली असतात, त्यांना हाकलायचं नाही असा नियम आहे.

क्रोजनेस्ट पास या खिंडीत फ्रँक स्लाइड नावाची जुनी दरड बघितली, तिच्याबद्दल थोडक्यात. २९ एप्रिल १९०३, पहाटे चार वाजून दहा मिनिटं. टर्टल माउंटनची पूर्वेकडची बाजू सुटली आणि दीडेक मिनिटात आठ कोटी टनांच्या वर चुनखडक दरीभर पसरला. सत्तर ते नव्वद माणसं गेली, बहुतेक अजून त्याखालीच आहेत. डोंगराच्या पोटात कोळशाची खाण होती. थरांची ठेवणच वाईट, फटीत पाणी गोठलेलं, त्यात खाणीने पायथा पोकळ केला. खाणीत अडकलेले सतरा जण स्वतःच वर खणत तेरा तासांनी बाहेर आले. एक रेल्वे कर्मचारी त्या दगडांवरून अंधारात धावत गेला आणि येणारी प्रवासी गाडी थांबवली. आजही हायवे घराएवढ्या दगडांमधून जातो. मला माळीण आठवलं. तिथून लवकर निघालो.

शेवटची फेरी माझ्या हट्टापायी, मिल्क रिव्हर गावाला. सेंट मेरी आणि मिल्क या दोन्ही नद्या मोंटानात उगम पावतात. सेंट मेरीचं पाणी उत्तरेला हडसनच्या उपसागराकडे जातं. मिल्क कॅनडात येते आणि वळून पुन्हा मोंटानात जाते, तिचं पाणी मिसुरीतून मेक्सिकोच्या आखाताला. अमेरिकेने ठरवलं, सेंट मेरीचं पाणी कालव्याने मिल्कमध्ये टाकू, म्हणजे ते कॅनडातून फिरून आमच्या शेतांना मिळेल. कॅनडाचं उत्तर: खुशाल टाका, आमच्या हद्दीत आलं की आम्ही काढून घेऊ, आणि १९०३-०४ मध्ये मिल्कवरून खरोखरच कालवा खणायला घेतला! केवळ धमकी म्हणून. त्याचे चर अजून दिसतात. शेवटी १९०९ चा सीमाजल करार झाला, दोन्ही नद्या मिळून एक मानायची आणि पाणी निम्मं-निम्मं वाटायचं. कसं मोजायचं यावर पुढे १९२१ पर्यंत भांडले. कृष्णेच्या पाण्यावर बच्छावत लवादाची पानं पाठ असलेल्या आणि महापुरात अलमट्टीच्या फुगवट्यावर रात्र-रात्र वाद घातलेल्या माणसाला त्या कोरड्या चराशी उभं राहून काय वाटलं असेल, ते आमच्या खात्यातलेच ओळखतील. अमेरिकेच्या बाजूचे कालव्याचे शंभर वर्षांचे जुने पोलादी सायफन, म्हणजे पाणी नेणारे मोठे नळ, २०२४ च्या जूनमध्ये फुटले. देखभालीच्या निधीचं रडगाणं तिथेही तेच.

तिथून पूर्वेला रायटिंग-ऑन-स्टोन आहे. सपाट गवतातून गाडी जाते, आणि अचानक खाली वाळूखडकाच्या छत्र्या, खांब, आणि नदीकाठच्या भिंतींवर ब्लॅकफूट लोकांनी कोरलेली माणसं, घोडे, ढाली. २०१९ मध्ये जागतिक वारशात आलं. चित्रांचा मुख्य भाग वाटाड्याबरोबरच बघता येतो, आधी नाव नोंदवावं लागतं.

जाणार असाल तर जून ते सप्टेंबर. गाडीशिवाय गत्यंतर नाही. वॉटरटनला मुक्काम करायचा तर खोल्या महिनोन् महिने आधी संपतात. लेथब्रिजला राहून सकाळी जाणं सोपं आणि स्वस्त. अस्वलांसाठीचा स्प्रे विमानात नेता येत नाही, तेव्हा कुणा ओळखीच्याकडून आणा. आणि भाड्याची गाडी घेतलीत तर दार उघडताना एक हात दारावर ठेवा. वाऱ्याने बिजागरीतून दार उलटं फिरलं तर त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात.